भिंतीपलीकडचा आलाप

हसा, माझी हरकत नाही. गल्लीत सगळेच हसतात. फक्त चहा संपेपर्यंत थांबा, कारण या किश्श्यात नेमकं कुठं हसायचं ते मला स्वतःला अजून कळलेलं नाही.

मी रिटायर्ड गार्ड. मालगाडीचा. पस्तीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून काढली. गार्डचं काम काय? सिग्नल बघायचा आणि आवाज ऐकायचा. चाळीस डबे पुढं एखादं चाक घासलं तरी मला मागं कळायचं, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, "घरात कुकरच्या शिट्ट्या मोजता येत न्हाईत, आन् म्हणं चाक कळतं!"

रिटायर झाल्यावर माणसाला काहीतरी होतंच. कुणाला गुडघे होतात, कुणाला देव होतो. मला शास्त्रीय संगीत झालं. दौंडातल्या एका पेटीमास्तरांकडं तीन महिने क्लास लावला. मास्तरांनी माझा गळा ऐकला, पेटी मिटली आणि म्हणाले, "तुम्ही ऐका." तेव्हापासून मी ऐकतो. आणि दाद देतो. मोठ्यानं देतो. बऱ्याचदा चुकीच्या जागी देतो, पण कंजूषपणा नाही!

आमच्या भिंतीला भिंत लावून मार्थाबाई राहायच्या. जुन्या नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. मुलगी रूथ शिरूरला, कंपनीत नोकरीला. तिचा आणि माझा एक ठराव होता. सिस्टरांचा रेडिओ सकाळी सहाला लागला की सगळं ठीक. रेडिओ बंद दिसला तर मी दार वाजवायचं. रेडिओ चालू म्हणजे हिरवा सिग्नल. गार्डाला याहून सोपं काम कोण देणार?

आता नाताळाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. पेपरात वाचलं, उद्या एका स्टेशनवर दिवसभर नुसतं शास्त्रीय गायन. सकाळी सहापासून! मी गेलो सिस्टरांकडं. त्या करंज्या तळत होत्या.

म्हटलं, "सिस्टर, उद्या दिवसभर चांगलं गाणं हाय. जरा ऐकून तर बघा."

"अहो गार्डभाऊ, नऊ वाजता माझी नाताळाची गाणी असतात."

"ती दरवर्षीच असतात की! एक दिवस कानाला वळण लावा."

खरं सांगू? त्यांच्या कानाशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझा रेडिओ बिघडला होता. त्यांचा जोरात लागला की मला माझ्या ओट्यावर फुकट मैफल.

मग मी काय केलं? टेबलावरचा त्यांचा रेडिओ उचलला आणि लोखंडी कपाटावर नेऊन ठेवला. उंचावर स्टेशन साफ लागतं ना! खिडकीतून एरियलची वायर काढली, स्टेशन लावलं, आवाज मोठा केला. म्हटलं, "आता कशाला हात लावू नका. सकाळी फक्त भिंतीवरचं बटण दाबा."

"बरं, ठेवा," म्हणाल्या. भिडस्त बाई. जाताना चार करंज्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला तंबोरा सुरू! बायको माहेरी कासुर्डीला गेलेली. मी ओट्यावर खुर्ची टाकली, थर्मासमध्ये चहा भरला, पायावर शाल घेतली. राजा माणूस!

नऊच्या सुमाराला आत धप्प असा आवाज झाला. मला वाटलं, तबलजी समेवर आला. मी म्हटलं, "वाहवा!"

थांबा, इथं हसू नका. पुढं ऐका.

थोड्या वेळानं गाण्यात एक नवा स्वर यायला लागला. बाईचा. लांबट, आर्त, खालून उठायचा आणि मध्येच तुटायचा. काय दर्द होता हो! मांडीवर थाप मारून मी ओरडलो, "क्या बात है!" आणि गंमत बघा, मी दाद दिली की तो स्वर आणखी चढायचा. मी वाहवा म्हणायचो, तिकडून आऽऽ यायचं. मी परत वाहवा, परत आऽऽ. मला तर भरून आलं. म्हटलं, तीन महिन्यांची फी वसूल झाली, आज गायिकेशी आपली तार जुळली. रेडिओतल्या बाईला दौंडातल्या ओट्यावरची दाद कशी ऐकू जाते, हा प्रश्न माझ्या मठ्ठ डोक्यात एकदाही आला नाही.

अकराला रूथचा फोन आला. "काका, आई मोबाईल उचलत न्हाई. बघता का जरा?"

"अगं, रेडिओ चालू हाय. शास्त्रीय ऐकत बसलीय. पार रंगलीय!"

"आई? शास्त्रीय?"

"मग! मीच लावून दिलंय."

दोनला परत फोन. "काका, अजून उचलत न्हाई वो."

"एवढं मोठ्यानं चाललंय, तिला रिंग कशी ऐकू येईल? तू कामाचं बघ." उठून चार पावलं जायचा मला कंटाळा आला, असं नाही. राग रंगात आला होता, एवढंच. तुम्हाला हे बरं वाटतंय का ऐकायला? मलाही नाही वाटत सांगायला.

चारला चर्चमधली पोरंपोरी गिटार घेऊन आली. नाताळाची गाणी म्हणत घरोघर फिरतात ना, ती. मी तोंडावर बोट ठेवून त्यांना फाटकातच अडवलं.

एक मुलगी म्हणाली, "आजोबा, आजींनीच बोलावलंय आम्हाला. करंज्या देणार हायेत."

"आज न्हाई. आजी तल्लीन हायेत. उद्या या."

गेली बिचारी. त्या दिवशी त्या दाराशी आलेली एवढीच माणसं, आणि ती मी परत पाठवली.

तिसरा फोन पाचला आला. तो मी उचललाच नाही. म्हटलं, ही पोर मैफलीत व्यत्यय आणतेय.

साडेपाचला लाईट गेली.

रेडिओ बंद पडला. तंबोरा थांबला, तबला थांबला, सगळी गल्ली गप्प झाली.

आलाप चालूच.

मी वाहवा म्हणायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. खुर्चीतून उठून धावलो. दार आतून बंद. मी नुसता "सिस्टर! सिस्टर!" करत दार बडवतोय. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातून रफिकभाई पहार घेऊन धावत आले. दोन दणक्यांत कोयंडा तुटला, दार बिजागरीतून निघून आलं.

सिस्टर फरशीवर पडल्या होत्या. शेजारी स्टूल आडवं. नऊ वाजता आपली गाणी लावायला त्या स्टुलावर चढल्या होत्या. रेडिओ टेबलावर असता तर चढल्या असत्या का? साडी ओली झाली होती, ओठ कोरडे पडले होते. टेबलावर पोरांसाठी झाकून ठेवलेल्या करंज्यांना मुंग्या लागल्या होत्या.

पण नर्स ती नर्स. एवढ्याशा आवाजात म्हणाल्या, "खुबा मोडलाय. हातांनी उचलू नका. फळी आणा."

फळी कुठली आणणार? निघालेलं दार होतं, त्याच्यावरच घातलं आणि टेम्पोतून दवाखान्यात नेलं.

वाटेत रफिकभाईंनी विचारलं, "गार्डसाहेब, तुम्ही दिवसभर ओट्यावरच व्हता ना?"

"व्हय."

"मग?"

मी खालचं दार हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून बसलो.

पुण्याला ऑपरेशन झालं. रूथ दवाखान्याच्या जिन्यात भेटली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. ती फक्त म्हणाली, "काका, मी तीनदा फोन केला." आणि औषधं आणायला खाली गेली. पस्तीस वर्षांत मी एक गाडी चुकीची सोडली नाही. पण ते वाक्य आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

सिस्टर वाचल्या. पण आता वॉकरशिवाय चालता येत नाही, आणि एकटीनं राहायचं तर नावच नको. महिन्याभरानं रूथ त्यांना शिरूरला न्यायला आली. सामान टेम्पोत गेलं, सिस्टरना गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. घराला कुलूप लागलं. ते अजून तसंच आहे, सकाळी सहाला तिथं आता काही वाजत नाही.

गाडी निघायच्या आधी मी तिच्या खिडकीपाशी गेलो. माफी मागायची म्हणून चार दिवस वाक्यं पाठ केली होती. एक आठवेल तर शपथ! मग खिशातून माझी ड्युटीची शिट्टी काढली, पितळेची, दोरीसकट, आणि त्यांच्या हातात ठेवली.

"गळ्यात घालून ठेवा, सिस्टर. काही लागलं तर वाजवा."

"शिरूरहून?"

"...तरी पण."

त्यांनी शिट्टी उलटसुलट करून बघितली, दोरी गळ्यात घातली. मग दवाखान्यात रोग्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"वाजवीन की. पण गार्डभाऊ, खरं सांगा. धावत येणार, का बासरी समजून वाहवा म्हणणार?"