देओलिंदाची एकशे चार क्रेडिटं

देओलिंदा फुर्तादोचं वाटोळं कुणी केलं असं विचारलंत, तर आमच्या गावात लोक प्रुइटचं नाव घेतील. तो कॉलेजच्या नाट्यविभागाचा प्रमुख, बोलायला फटकळ, त्यामुळे शिव्या घालायला सोयीचा. पण ते खरं नाही. केलं मी. मी म्हणजे फिलोमेना तोस्त, त्याच विभागाच्या कपडेपटात सत्तावीस वर्षं सुई चालवणारी बाई. आता घरी बसून पेन्शन खाते आहे. खरं बोलायला आता माझं काय जातं!

देओलिंदा आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. रताळ्यांच्या शेडमध्ये कामाला. सकाळी सात ते दुपारी चार सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि रताळी निवडायची. सरळ एकीकडे, वाकडी दुसरीकडे, कुजकी खाली. कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात आम्हा पोर्तुगीजांच्या निम्म्या पोरी त्या पट्ट्यावरच म्हाताऱ्या होतात. ही संध्याकाळी शिवणाचा एक वर्ग करायला म्हणून आमच्याकडे आली, आणि तिसऱ्याच आठवड्यात एका आजारी नटीच्या जागी उभी राहून अख्खा पहिला अंक न अडखळता बोलून गेली. मी तोंडात टाचण्या धरून ऐकत होते. एक गिळता गिळता राहिले.

"कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

"कुठेच नाही, तिया. पट्ट्यावर पाठ करते. रताळ्यांना कान नसतात ना, बरं पडतं."

आमच्यात वडीलधाऱ्या बाईला तिया म्हणायची रीत आहे. तिने मला पहिल्या दिवसापासून तिया म्हटलं, आणि मला ते फार गोड लागलं.

तिला नटी व्हायचं नव्हतं. तिला गावच्या हायस्कुलात नाटक शिकवायचं होतं. तिथले नाटकाचे मास्तर गेल्यापासून रंगमंचावर मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. शिकवायचं तर पदवी हवी, आणि पदवी राज्याच्या विद्यापीठात. तिथे चार वर्षं राहण्याची ऐपत नाही. मग आमच्यासारख्या कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास नोकरी सांभाळून करायचा, वर्ग पास झाला की मिळतात ती क्रेडिटं साठ जमवायची आणि तिकडे थेट तिसऱ्या वर्षाला बसायचं. माझ्याच बेतण्याच्या कागदावर तिने पेन्सिलीने सगळा आराखडा आखला होता. पहिल्या सत्रात इंग्रजी, दुसऱ्यात भाषण, मग इतिहास, मग गणित. नोकरीमुळे दोनाची चार वर्षं होणार होती. होऊ देत, म्हणाली.

तिचा बाप तिबुर्सियो, जन्मभर दुसऱ्यांच्या गाई पिळलेला. चर्चच्या दारात भेटला की मला टोचायचा, "फिलोमेना, माझ्या पोरीला काय शिकवतेस? गाईंपुढे रडून दाखवायला?"

"तुझ्यापुढे रडण्यापेक्षा ते बरं," मी म्हणायची. तोही हसायचा. पण मुलीने कॉलेजातून आणलेला एकेक निकाल तो गाडीत डॅशबोर्डवर ठेवून फिरायचा, हे मला ठाऊक होतं.

आता आमच्या विभागाचं सांगते. वर्गात पंधरा नावं भरली नाहीत की वर्ग रद्द. दोन-तीन वर्ग रद्द झाले की विभागच मोडीत. म्हणून दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात आम्ही माणसं धरायला निघायचो. चर्चमधल्या गायिका, कुणाची मेहुणी, तिकिटं फाडणारे म्हातारे, जो सापडेल त्याला, "नाव घाल रे बाबा, एवढं एक सत्र." सगळेच विभाग हे करतात, आम्ही जरा जास्त निलाजरेपणाने करायचो. बाकीचे लोक एकदा नाव घालून सुटायचे. देओलिंदाला मात्र नाही म्हणता येत नसे.

"तिया, किती कमी पडतायत?"

"दोन."

"एक मी. दुसरी माझी मावसबहीण."

एकच वर्ग पुन्हा करता येत नाही, म्हणून प्रुइटने त्याच कामाला चार-चार नावं दिली होती. सराव एक, सराव दोन, तीन, चार. कपडे एक ते चार. नेपथ्य एक ते चार. देओलिंदाने सगळे केले. आणि गणिताचा संध्याकाळचा वर्ग नेमका तालमीच्या वेळेला. दर वेळी ती कचरायची. म्हणायची, "या वेळी गणित घेऊ का, तिया?" आणि मी, ही मी, कात्री चालवत म्हणायची, "अगं, गणित कुठे पळून जातंय? पुढच्या सत्रात कर."

असं सहा वर्षं चाललं.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. नाट्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. ती शेडमधून तशीच मातीच्या बुटांनी धावत आली आणि मला उचललं की हो, माझ्यासारख्या जाड बाईला! अट एकच होती. उन्हाळ्याआधी गणित पास व्हायचं. नाहीतर प्रवेश रद्द.

नाव नोंदवायला गेली तर संगणकाने तिला सगळ्यांच्या शेवटची तारीख दिली. तिची तारीख उजाडेपर्यंत संध्याकाळचा गणिताचा वर्ग भरून वर चाळीस जण ताटकळत. दिवसाचेही वर्ग भरलेले. मी तिच्याबरोबर सल्लागार मिस लोर यांच्याकडे गेले. त्या ह्मोंग बाई, लाओसहून इथे आलेल्या लोकांतल्या, बोलायला हळू, पण कामाला चोख.

"तुमची एकशे चार क्रेडिटं झालीत," त्या म्हणाल्या. "शंभराच्या वर गेलं की नोंदणीतला नंबर शेवटी जातो. नियम आहे. नुसते वर्ग अडवून बसणाऱ्यांसाठी केलाय."

"पण मी अडवून नाही बसले," देओलिंदा म्हणाली. "मला सांगितलं म्हणून मी..." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मिस लोर यांनी ते बरोबर हेरलं. म्हणाल्या, "हे बघा, अर्ज करता येतो. मी स्वतः समितीपुढे नेते. पण तुमच्या आवडीने घेतलेत म्हणाल तर ते ऐकणार नाहीत. कॉलेजच्या माणसाने घ्यायला लावले असं कॉलेजच्या माणसानेच लिहून दिलं, तर वर्गात एक जागा वाढवून द्यावीच लागते. तसं झालंय का?"

"झालंय," मी म्हणाले. "उद्या लिहून देते." बाहेर आल्यावर देओलिंदाने माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्जाची कुणकुण लागताच, प्रुइट कपडेपटात आला आणि दार लावून घेतलं.

"फिलो, तू लिहिणार काय आहेस?"

"खरं ते."

"खरं म्हणजे आपण आकडे फुगवले हे. सरकार त्याच आकड्यांवर पैसे देतं. चौकशी लागेल. विभाग जाईल, मी जाईन. आणि तुझ्या पेन्शनला किती राहिलं?"

"एकोणीस महिने."

"मग चांगलं लिही ना तिच्याबद्दल. खूप चांगलं लिही. पण ते नको."

माझा नवरा तेव्हा डायलिसिसवर होता, विमा माझ्या नोकरीचा. हे मी सांगते आहे, पण त्याने सुटका होत नाही, माहीत आहे मला. घरी गेले आणि पत्र लिहिलं. देओलिंदा किती गुणी, किती कष्टाळू, कशी वेळेवर येते. इतकी वर्षं नाट्यकलेच्या ओढीने, स्वतःच्या इच्छेने तिने हे सगळे वर्ग घेतले. 'स्वतःच्या इच्छेने' हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले. वाचताना मला रडूसुद्धा आलं, इतकं छान झालं होतं. थू!

अर्ज फेटाळला. मिस लोर यांनी देओलिंदाला बोलावून सगळे कागद दाखवले, माझं पत्रही. संध्याकाळी ती कपडेपटात आली. मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने. तिने तिचा टेप आणि अंगुस्तान पिशवीत घातलं.

मी म्हणाले, "देओलिंदा, ऐक तर."

"उशीर होतोय, तिया," ती म्हणाली आणि गेली. जूनमध्ये विद्यापीठाने प्रवेश रद्द केल्याचं पत्र पाठवलं. पुढे कधीतरी गणित करून पुन्हा अर्ज कर, असं मिस लोर तिला दोनदा म्हणाल्या. पण त्याच हिवाळ्यात तिबुर्सियोला अर्धांगाचा झटका आला. त्याचं सगळं तिच्यावर पडलं. ती पट्ट्यावरच राहिली, आता दिवसपाळीची मुकादम आहे. आणि आमचा विभाग? माझी पेन्शन सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी वरच्यांनी तो बंदच केला. नावं भरली होती तरीसुद्धा.

या वर्षी पेंटेकोस्टच्या फेस्ताला, आम्हा पोर्तुगीजांच्या मोठ्या सणाला, मी गेले होते. हॉलमध्ये सगळ्या गावाला सूप आणि पाव फुकट वाढतात, ती रांग. वाढायला देओलिंदा उभी. केस पिकू लागलेत तिचे. पाच वर्षं मी तिला चर्चमध्ये टाळत आले होते, पण रांगेतून पळणार कुठे? तिने माझ्या वाडग्यात पाव घातला, वर मांस, वर पुदिना, सगळं नीट. मला राहवलं नाही.

"देओलिंदा, चूक माझी होती. ते वर्ग तुला मीच घ्यायला लावले. सगळे मीच."

तिने सुपाचा डाव थांबवला. माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण मागच्या चार माणसांना ऐकू गेलं.

"एवढंच लिहायचं होतं, तिया," ती म्हणाली. "दोनच ओळी."

मग तिने माझा वाडगा माझ्या हातात दिला आणि मागच्या माणसाचा घेतला.