बू पालुपीची सर्व्हर-भिशी

बू पालुपीच्या, म्हणजे आमच्या पालुपीबाईंच्या, अंबाड्यात आकडा नसतो, स्क्रू-ड्रायव्हर असतो. खिशात ठेवला की हरवतो म्हणे. "आणि डोकं काही मी कुठं विसरून येत नाही," असं सांगून ती इतक्या मोठ्यानं हसते, की खालच्या मजल्यावरचा चहावाला विचारतो, "बू आल्या वाटतं?"

जोग्याकार्तातल्या आमच्या ध्वनिसंग्रहात ती यंत्रं सांभाळते, मी रेकॉर्डिंगांच्या नोंदी करते. रेकॉर्डिंगं केतोप्राकची. राजे, राण्या, फितूर प्रधान आणि त्या सगळ्यांची टर उडवणारे विदूषक, अशी आमची जावाची नाटकं. टेपांना बुरशी चढायला लागली तेव्हा पालुपीनं एकेक टेप पुसून, ऐकून, सगळी नाटकं एका कपाटातल्या हार्ड डिस्कांवर उतरवली. ते कपाट चालतं ओपन सोर्स प्रणालीवर. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. घ्या, उघडून बघा, हवी तशी बदला. फक्त बिघडली तर फोन कुणाला लावायचा, ते तुमचं तुम्ही बघा.

पालुपीनं पहिल्यांदा नवी आवृत्ती चढवली आणि कपाट रुसून बसलं, तेव्हा तिनं फोन लावला मास गांडुंगला, म्हणजे गांडुंगदादाला. हा इस्पितळात एक्स-रेची साठवण सांभाळणारा, प्रणाली तीच. ओळख नाही, पाळख नाही.

"येतो," गांडुंग म्हणाला, "पण जेवायला काय?"

"फणसाचं गुदग."

"अंडं घालून?"

"दोन घालते, ये बाबा!"

तो आला, कपाट उठलं. पुढच्या महिन्यात त्याचं कपाट अडलं, ही गेली. मग विद्यापीठाचं ग्रंथालय आलं, मग नकाशांचं कार्यालय. बघता बघता सहा जागा झाल्या आणि पालुपीनं भिशी लावली. आमच्याकडं भिशी, म्हणजे अरिसान, गल्लोगल्ली चालते. ग्लासात चिठ्ठ्या घालून हलवायचा, ज्याचं नाव बाहेर पडेल त्याला पैसे. पालुपीच्या भिशीत पैसे नाहीत. ज्याचं नाव निघेल त्याच्या सर्व्हरच्या खोलीत सगळ्यांनी जायचं, कपाट नखशिखांत तपासायचं, आणि यजमानानं पोटभर जेवू घालायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

मग पाक मुर्जितो, म्हणजे मुर्जितोसाहेब, आमचे नवे संचालक होऊन आले.

"सहा जण जेवायला येतात, त्याला तुम्ही सपोर्ट म्हणता?"

"मग कशाला म्हणतात, साहेब?"

"ज्याची मानगूट धरता येते त्याला! उद्या नाटकं उडाली आणि वरून विचारणा झाली, तर मी काय सांगू? भिशीला विचारा?"

प्रश्न खोटा नव्हता.

जाकार्ताच्या एका कंपनीनं साहेबांना कागद पाठवला होता. प्रणाली तीच, ओपन सोर्सच, पण पाठीशी कंपनी उभी. दिवसरात्र फोन चालू. फक्त एक अट होती: कपाटाला कंपनीशिवाय कुणी हात लावायचा नाही. म्हणजे भिशीतून आम्ही बाहेर. आणि बाकीच्या पाच जागांचे साहेब आमच्याकडंच डोळे लावून बसलेले. आम्ही गेलो की सगळेच जाणार.

"अकरा वर्षांत एकही संवाद हरवलेला नाही," पालुपी मला म्हणाली. स्क्रू-ड्रायव्हर काढला, परत खोचला. "काही बिघडलंच नाही, म्हणून काही केलंच नाही असं वाटतं लोकांना. दाखवू तरी काय, पोरी?"

दाखवायची संधी साहेबांनीच दिली. गुरुवारी सगळ्यांसमोर कपाटाची परीक्षा! कंपनीतर्फे आला मास फेब्रियान, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. भिशीतर्फे गांडुंग, येताना आणलेली केळ्याच्या भज्यांची पिशवी पालुपीनं दाराबाहेर ठेवायला लावलेली. सगळा कर्मचारीवर्ग दारात एकमेकांच्या खांद्यावर. कपाटातून थेट एक जुनं नाटक लावलेलं. भर दरबारात राजा गरजत होता.

"साहेब, या कपाटातल्या कुठल्याही दोन डिस्का चालू नाटकात उपसून काढा," पालुपी म्हणाली. "त्यांचं काम बाकीच्या उचलतात, राजा अडखळणारसुद्धा नाही. पण दोनच हं!"

पाक मुर्जितोंनी बाह्या सरसावल्या. पहिली डिस्क खेचली. राजा गरजतच होता. टाळ्या! साहेबांनी ती तबकात ठेवली आणि आपल्या वारशाचं महत्त्व यावर छोटंसं भाषण केलं. ते छोटं नव्हतं. मग दुसरी खेचली. राजाला पत्ता नाही. शिट्ट्या! साहेबांना आता जादूगार झाल्यासारखं झालं. दुसरं भाषण. "आणि मित्रहो, दोनला जर काही होत नाही..."

"साहेब, नको!"

"...तर तीनला काय होतंय?"

खाट्‌!

"प्रधानजी," राजा म्हणत होता, "ज्यानं माझं राज्य शत्रूला विकलं, त्याचं नाव..."

पुढं काहीच नाही. पंख्यांची घरघर तेवढी.

साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा. तिसरी डिस्क घाईनं तबकात टाकली, तबक निसटलं, तिन्ही डिस्का टेबलावर सरकल्या. तिन्ही हुबेहूब सारख्या. त्यातली एक उचलून ते कपाटात कोंबायला निघाले.

"हात वर!" पालुपी ओरडली.

आणि संचालकांनी खरंच हात वर केले.

फेब्रियाननं कंपनीला फोन लावला होता. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला: "डिस्का कुणी काढल्या?" "संचालकांनी. स्वतःच्या हातानं." "मग ते करारात बसत नाही." फेब्रियाननं फोन खिशात टाकला, कान लाल झालेले. "हे कंपनीचं उत्तर," तो म्हणाला. "आता माझं सांगू? घाबरू नका. कपाट मेलेलं नाही, थांबलंय. शेवटची निघालेली डिस्क आधी लावायची."

"शाब्बास रे!" पालुपी म्हणाली. "पहिल्या दोघी तमाशा अर्धा टाकून उठल्या. शेवटपर्यंत दरबारात बसलेली ही एकटीच. पण ही म्हणजे कुठली?"

"मी... मी बघितलं नाही," साहेब म्हणाले. हात अजून वरच.

पालुपीनं हाताची मागची बाजू पहिल्या डिस्कवर ठेवली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तशी. "गार." दुसरीवर. "हीपण गारच." तिसरीवर ठेवला आणि डोळे चमकले. "ही बघा, फणफणलीय! साहेब, तुमची भाषणं लांबली ते बरं झालं. तेवढ्यात पहिल्या दोघी निवल्या."

"नुसत्या हातावर जाऊ नकोस, क्रमांक वाच," कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून गांडुंग म्हणाला. "शेवटी कोण गेली ते इथं लिहिलंय."

तिनं वाचला. त्यानं पडद्याशी ताडून पाहिला. जुळला!

डिस्क आत गेली. दिवा लाल, मग केशरी. पालुपीनं दोन शब्द टाइप केले. दिवा हिरवा झाला, आणि मी नाटक पुन्हा चालू केलं.

"...त्याचं नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही!" राजा गरजला.

काय आरडाओरडा झाला! चहावाला वर धावत आला, त्याला वाटलं आग लागली. गांडुंगनं फेब्रियानला मिठी मारून त्याच्या इस्त्रीचं वाटोळं केलं. बाकीच्या दोन डिस्का लावल्या, त्या मुकाट्यानं मधला हुकलेला भाग भरून घ्यायला लागल्या.

साहेब स्टुलावर टेकले. "आज मानगूट कुणाची धरायची?"

"आरसा आणू?" पालुपी म्हणाली.

ते हसले, पण लगेच थांबले. "बाई, तुम्ही शर्थ केलीत. पण वरून विचारलं, तर माझ्या हातात कागद काय?"

"खरं आहे," पालुपी म्हणाली. "कागद नाही."

"मग करा ना," फेब्रियान म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. "भिशीची सहकारी संस्था नोंदवा आणि तिच्याशी करार करा. तिच्या आवाक्याबाहेरचं काही अडलं, तर आमच्याकडं त्या एका प्रसंगापुरता सपोर्ट मिळतो. कपाटाला कुलूप लावायची गरज नाही." आणि हळूच, "मी हे बोललो असं माझ्या साहेबांना कळू देऊ नका."

"आणि संस्थेतर्फे सही कोण करणार?" पाक मुर्जितोंनी विचारलं.

पालुपी पुढं आली. अंबाड्यातून स्क्रू-ड्रायव्हर ओढला, केस एका हातानं वर धरले आणि साहेबांसमोर मान वाकवली.

"ही घ्या मानगूट. नीट बघून ठेवा. धरायची वेळ आली तर ओळखू यायला हवी."

साहेबांनी कंपनीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "करार लिहून आणा. पण माझी एक अट आहे. या महिन्याचा ग्लास मी हलवणार."

ग्लास आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, डोळे मिटून, देवापुढं घंटा वाजवावी तसा हलवला. चिठ्ठी पडली. गांडुंगनं उलगडली आणि खो खो हसत सुटला.

"ध्वनिसंग्रह!"

"म्हणजे काय?" साहेब गोंधळले.

"म्हणजे गुदग तुमच्याकडून, साहेब," पालुपी केस बांधत म्हणाली. "अंडी दोन-दोन. आणि त्या दिवशी हात खिशात!"