कोरलेलं नाव

कालव्याचा पूल मागे पडला तेव्हा कुठे धाकटीनं तोंड उघडलं. धाकटीच्या लेकीला लस टोचून घेऊन दोघी जावा दवाखान्यातून पायी निघाल्या होत्या. नर्सनं नाव विचारलं तेव्हा हिला ‘अजून ठेवलं नाही’ म्हणावं लागलं होतं, आणि तेव्हापासून ती आतल्या आत धुमसत होती.

“ताई, पाववाल्याच्या पोरीला तुम्ही संजीवनी दिलंत. मेलेल्याला उठवणारी! शिंप्याच्या नातीला अमृता, जिला मरण शिवत नाही. अख्ख्या गल्लीला नावं वाटलीत, आणि घरच्या पोरीची वेळ आली की तुमची दातखीळ बसली?”

“बसू दे. चालायला दात लागत नाहीत,” थोरली म्हणाली.

थोरली थडग्यांच्या दगडांवर नावं कोरायची. बापाच्या हाताखाली शिकलेली. दगडाची भुकटी तिच्या भुवयांत कायमची मुक्कामाला आलेली. छिन्नी लावण्याआधी ती खडूनं नाव लिहायची आणि एकदा मोठ्यानं हाक मारायची, शेजारच्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी. दिवसभर मेलेल्यांची नावं हाताखालून जात म्हणून की काय, पोरींना नाव सुचवायची ते जगण्याच्या अर्थाचंच. मात्र दगडावर एकदा कोरलेलं नाव ती कुठल्याही पाळण्याला देत नसे.

तिनं नाव दिलेली पोर तापानं फणफणली तरी उठून बसते, असं गल्लीत म्हणत. देवाची करणी, दुसरं काय! पण धाकटीला तेच झोंबायचं. नऊ महिने ओझं आपण वाहायचं, आणि लोक विचारणार, “जाऊबाईंनी नाव काय दिलं?”

तेवढ्यात पोर रडायला लागली. थोरलीनं खांद्यावर घेतली आणि ती मेली लगेच गप्प! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आणा इकडे. भुकटी जाईल तिच्या नाकात.”

“आंघोळ करून आलेय गं.”

“मग चांगलं नाव राखून ठेवलंय तरी कुणासाठी? तुम्हाला तर मूलबाळ...” तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

थोरलीनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“एक आहे. पुनर्नवा. सुकून गेली तरी पुन्हा नव्यानं उगवणारी. पण ते कोरलंय मी. तू या घरात यायच्या आधी. माझी एक दिवसही राहिली नाही. दगड एवढासाच लागला.”

धाकटीला दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण तिच्याआधी मत्सरच उसळून वर आला. म्हणजे मेलेल्या पोरीनंही आपल्या लेकीच्या आधी नंबर लावलेला! आणि नाव तर असं, की ऐकल्यापासून दुसरं काही सुचेना.

“मला तेच हवं,” ती हट्टानं म्हणाली. “तुमचा नेम राहू दे बाजूला.”

गल्लीच्या तोंडाशी नळ होता. थोरली तिथं थांबली. पोरीचं टोपरं सारखं केलं आणि तिला आईच्या हातात दिलं.

“घे. नेम माझाच होता, देवाचा नव्हता.” मग जरा अडखळली. “फक्त पहिली हाक मला मारू दे. त्या नावानं मी आजवर दगडालाच हाक मारलीय गं. एकदा वळून बघणाऱ्याला मारू दे.”