काजाबाईंनी काम सोडलं नाही

शिवणाच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे काजाबाई म्हणत. शर्टांची काजं करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. शेजारच्या मशीनवर त्यांची धाकटी जाऊ कॉलर शिवायची. दोघी विधवा, एका खोलीत राहायच्या, एका डब्यातून जेवायच्या आणि दिवसभर एकमेकींची टर उडवायच्या.

एकदा जाऊ तापानं फणफणली आणि मालकाकडे सुट्टी मागायला गेली. "आजचा माल जाऊ दे, मग उद्या खुशाल झोपा," मालक म्हणाला. ती परत येऊन मशीनवर बसली. दुपारी तिथंच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

काही दिवसांनी काजाबाई कामावर आल्या. चष्मा लावला, मशीनसमोर बसल्या, पण दोरा ओवला नाही.

"काय झालं, काजाबाई?" मालकानं विचारलं.

"आज राहू दे."

दुसऱ्या दिवशीही तेच. मालकानं समजावलं, मग आवाज चढवला, मग घरी बसून पगार घ्या म्हणाला. काजाबाई वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या, मधे नुसत्या बसायच्या. हाकलून द्यावं, तर तो लहान असताना त्याच्या शाळेच्या शर्टांची काजं त्यांनीच केलेली. ठेवून घ्यावं, तर त्यांच्याकडे बघून बाकीच्या बायकांचेही पाय मशीनवर रेंगाळायचे.

शेवटी त्यानं त्यांना आत बोलावलं. "माझ्यावर राग आहे ना? मग तोंडावर बोला. शिव्या द्या हवं तर."

"तुम्ही तिला नाही म्हणालात, तेव्हा मी ऐकत होते," त्या म्हणाल्या. "‘जाऊ द्या तिला,’ एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. माझे हात चालूच होते."

त्या दिवसापासून मालकानं त्यांच्यामागचा तगादा सोडला.

तरी मोठी ऑर्डर आली तेव्हा त्यानं त्यांचं मशीन दुसरीला दिलं. काजाबाई कारखान्याच्या जिन्यात बसायला लागल्या, कडाक्याच्या थंडीतही. मालक नजर चुकवून वर जायचा. एका सकाळी त्यांना धाप लागलेली दिसली, तेव्हा त्यानंच उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात तो संध्याकाळपर्यंत बसून होता. नर्सनं विचारलं, "तुमच्या कोण?"

"आमच्याकडे असतात."

"घरचं कुणी?"

"एक जाऊ होती," तो म्हणाला.

काजाबाई त्यातून उठल्या नाहीत. मालकानं दोन दिवस कारखाना बंद ठेवला. मग बायका आल्या, वर मशीनं सुरू झाली. मालक मात्र जिना न चढता बराच वेळ खाली रस्त्यावरच उभा होता.