हा खडा कुठला?

"माझ्या ताटात जेवतेस आणि माझ्याच अन्नाला नावं ठेवतेस?"

हे आमच्या ह्यांचं वाक्य. भिंतीपलीकडे बहीणभावाचं जुंपलं होतं आणि मी अलीकडे भांडी घासत होते. हात थांबवला, कारण भांडी वाजली की भांडण नीट ऐकू येत नाही.

"नावं नाही रे ठेवत," वन्सं म्हणाल्या. "एवढंच विचारते, तू पैलू पाडतोस ते हिरे येतात कुठून?"

"शेठच्या पुडीतून."

"आणि पुडीत कुठून?"

"ताई, त्याच्या आधीचं कारखान्यात कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी रिकामी असते."

"मग आमच्या थिएटरात लागलाय तो खाणीचा सिनेमा तरी एकदा बघ."

"बघितला तर उद्या चाकावर बसू कसा?"

मी पुन्हा भांडी घासायला घेतली. हिरे घासायच्या त्या चाकावरच घर चालत होतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि त्या भावाकडे आल्या. थिएटरात नोकरी धरली. हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या. गल्ली त्यांना बॅटरीबाईच म्हणायची. जन्मभर उभ्यानं सिनेमे पाहिले, पण कौतुक एकाचंही नाही. "हिरो मरत नाही ग, नुसता घामाघूम होतो," म्हणायच्या.

तिथेच तो हिऱ्यांच्या खाणीचा सिनेमा लागला होता. पोस्टरवर नेहमीचीच मारामारी, आत गाणीसुद्धा. पण मध्येच एक बाप कमरेइतक्या गढूळ पाण्यात उभा राहून चाळणीनं वाळू चाळतो. काठावर बंदूकवाले. खडा सापडला की पोरावर बंदूक रोखून तो काढून घेतात, आणि तो विकून आणखी बंदुका आणतात. गावंच्या गावं पेटतात. आणि लगेच पुढे तोच खडा कुठल्याशा नवरीच्या बोटात लखलखत असतो.

वन्सं मलाही घेऊन गेल्या. "पडदा नंतर बघ," कानात म्हणाल्या, "आधी हात बघ."

खेळ सुरू होताना त्यांच्या बॅटरीचा झोत रांगेवरून फिरला, तेव्हा बायकांच्या बोटांवर नुसती चमचम. मध्यंतराला दिवे लागले आणि काय सांगू, एक अंगठी दिसेना! कुणाचा हात पर्समध्ये, कुणाचा रुमालाखाली, एक तर सरळ हातावरच बसली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शिट्ट्या मारणारी पुढची रांगसुद्धा चिडीचूप. मयताच्या घरीही एवढी शांतता नसते, तिथे कुणीतरी चहाचं विचारतंच. माझ्या बोटात हिरा कधीच नव्हता, तरी मी मूठ मिटून घेतली.

हे मात्र सिनेमाचं नाव काढू देईनात.

एके दिवशी खेळ सुरू झाल्यावर पुढच्या स्वस्त रांगेत एक माणूस उशिरा आला. बॅटरीवाल्यांना माणसं पायांवरून ओळखू येतात. तारेनं बांधलेला चपलेचा अंगठा वन्संनी पाहिला. भाऊच तो. झोत त्यांनी वर नेलाच नाही. "डावीकडून तिसरी," परक्याला सांगावं तसं म्हणाल्या आणि मागे सरल्या.

घरी आल्यावर मला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तू काही विचारायचं नाहीस हं. मला कळलंय हे त्याला कळायला नको."

पुढच्याच आठवड्यात शेठनं नवी पुडी पुढे केली. ह्यांनी ती उघडली नाही.

"शेठ, माल कुठला?"

"अरे, तुला वजन कळतं, तेज कळतं. आता खड्याचं सासर-माहेरही काढणार का?"

"सासर माहीत आहे. माहेर तेवढं सांगा."

संध्याकाळी खुर्ची गेली.

मग घर बॅटरीवर चाललं. ह्यांनी खिडक्यांच्या काचा कापायचं काम धरलं. कणाएवढ्या खड्यांना सरावलेले हात, मोठ्या तावदानांना कसले पुरतात! कापल्या कमी, फोडल्या जास्त. मी रोज जेवताना वाट बघायची, आता वन्सं म्हणणार, 'आता कोण कुणाच्या ताटात जेवतंय?' मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच घासाला म्हटलं असतं. त्या फक्त म्हणायच्या, "मिठाचं बघ रे, कमी पडलंय का?" एवढी मोठी बाई आमच्या दोन खोल्यांत मावली कशी, याचं मला अजून नवल वाटतं.

काच हळूहळू ह्यांच्या हातात बसली. हे पुन्हा चाकावर गेले नाहीत.

सिनेमा पाहिलेल्या पोरी मात्र अंगठी घेताना विचारू लागल्या. ज्यांना विचारायची लाज वाटे त्या वन्संना बरोबर न्यायच्या. काही दुकानदार खडा कुठून आला त्याचा कागद दाखवायचे.

"कागद खरा कशावरून?" मी एकदा विचारलं.

"मला काय कळतंय! पण विचारल्यावर घाम कुणाला फुटतो, ते दिसतं."

वन्सं म्हातारपणी वारल्या, त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा शेजारच्या मुलीबरोबर गेल्या होत्या, लग्नाची अंगठी बघायला. दुकानदारानं ट्रे मांडला. मुलीनं एक उचलली. वन्संनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"हा खडा कुठला?"

"आजी, एक नंबर माल आहे."

"नंबर नको बाबा, गाव सांग."

तो आत गेला, फोनवर कुणाशीतरी बोलला, परत आला. "तेवढं नाही सांगता यायचं."

"मग राहू दे," वन्सं म्हणाल्या आणि मुलीचा हात धरून शेजारच्या दुकानाची पायरी चढल्या.