पेढा खाल्ला आणि लग्न पाचोडला गेलं

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न कुठं लागणार, हे एका पेढ्यानं ठरवलं. गोष्टीला सात महिने झाले, पण त्या पेढ्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

उतरणार कसा? देवगाव रंगारीहून शहरात आलो तेव्हा माझ्याजवळ पान्यांची एक पिशवी होती. गारखेड्यात रस्त्याच्या कडेला बसून स्कुटरी दुरुस्त केल्या, मग जुन्या मोटारसायकली घेऊन विकायला लागलो, आज स्वतःचं दुकान आहे. दुकानासमोरच एक मंगल कार्यालय आहे. कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांच्या वराती बघत पाने फिरवले आणि मनाशी ठरवलं, आपल्या प्रियंकाचं लग्न इथंच! ज्यांनी मला "ए मिस्त्री" म्हणून हाका मारल्या, त्यांना मी त्या दारात फेटा बांधून उभा दिसलो पाहिजे. एवढी एकच हौस होती.

त्या हौसेच्या आड आलं गोड. माझी जीभ तिखट आहे असं सगळा बाजार सांगतो, पण त्याच जिभेला जेवणानंतर गूळ, चहानंतर बालूशाही आणि काहीही कारण नसताना जिलेबी लागते. डॉक्टरनं रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, "साखर उंबरठ्यावर आहे. गोड बंद."

"रोजच्या चार जिलेब्या आहेत. दोनवर मिटवू," मी म्हणालो.

"बंद."

"एक! शेवटचं बोलतो."

"काका, हे दुकान नाही."

समोरचा तसूभरही सरकला नाही, असा माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा! मला भयंकर राग आला आणि दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या मी पाव किलो बर्फी खाल्ली.

प्रियंका आहारशास्त्र शिकलेली. तिनं माझ्या मिशीतला चुरा बरोबर ओळखला.

"पप्पा, तुम्हाला भुकेनं गोड खावंसं वाटत नाही. राग आला की वाटतं. नीट बघा कधीतरी."

"मला राग येत नाही!" मी ओरडलो. (आणि खरं सांगतो, त्याच क्षणी मला गुळाचा डबा आठवला.)

मग तिनं उपाय सांगितला. जेवण चुकवायचं नाही, झोप मोडायची नाही. गोडाची आठवण आली की ग्लासभर पाणी प्यायचं, मूठभर फुटाणे चावायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. "पप्पा, नुसतीच चौकशी करणारं गिऱ्हाईक असतं ना? आपण लक्ष दिलं नाही की जातं का नाही निघून? तसंच समजा."

हे मात्र मला पटलं. बायकोनं वर स्वतःची शपथ घातली. एकवीस दिवस मी खिसाभर फुटाण्यांवर काढले. दुकानात एवढी टरफलं पडायची की गिऱ्हाइकं विचारायची, "सेठ, गाड्या बंद करके चने का धंदा चालू किया क्या?"

बाविसाव्या दिवशी दुपारी पाचोडहून मुलाचे वडील, म्हणजे माझे होणारे व्याही भगवानराव, चार वडीलधाऱ्यांना घेऊन लग्नाची बोलणी करायला आले. आमच्यात पद्धत अशी की बोलणं पटलं की पेढा खायचा, आणि एकदा पेढा पोटात गेला की ठरलेलं मोडायचं नाही. भगवानरावांनी डबा सुरुवातीलाच उघडून माझ्या नाकासमोर ठेवला. घरच्या म्हशीच्या दुधाचा खवा! वेलचीचा वास! प्रत्येक पेढ्यावर बोटाचा ठसा!

"घ्या इवाई, तोंड गोड करा. आमचं पंधराशे माणूस येईल, तेवढं सांभाळून घ्या."

"नको," मी म्हणालो. मला फक्त पेढा नको होता. भगवानरावांना वाटलं, मी बोलणं नाकारतोय.

"बरं, हजारच आणू. घ्या आता."

मी चमकलो. एक फुटाणा तोंडात टाकला. "नको."

"मानपानाचे टॉवेल-टोपी बंद! आता तर घ्या!"

"नको."

"लई पक्के दिसता तुम्ही! चला, वाजंत्री आमची!"

तीस वर्षं घसा फोडून भाव केले, आणि एवढं धारदार हत्यार मला माहीतच नव्हतं! त्या डॉक्टरला एक गाडी स्वस्तात द्यावी, असंही क्षणभर वाटलं. मी हुरळलो आणि शेवटचा घाव घातला.

"लग्न गारखेड्यात. माझ्या दुकानासमोरच्या कार्यालयात."

भगवानराव सावकाश चहा प्यायले. "तेवढं सोडून बोला. लग्न आमच्या दारात, पाचोडला. तिथं पंगत बसती. तुमच्या इथं माणसं हातात ताट घिऊन उभी, बसची वाट बघितल्यागत."

"त्याला बुफे म्हणतात, बुफे!"

"व्हय की. वरून चकाचक अन् आतून खडखडाट. जुन्या गाडीला रंग मारल्यागत."

जुन्या गाडीला रंग! माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझा चहा पिऊन! माझी कानशिलं तापली. खिशात हात घातला, फुटाणे संपलेले! ग्लास उचलला, रिकामा! स्वयंपाकघराच्या दारातून प्रियंका दोन्ही हातांची बोटं पसरून खुणावत होती, दहा मिनिटं, पप्पा, दहा मिनिटं! माझ्याकडं दहा सेकंद नव्हते.

"ऐका भगवानराव," मी कडाडलो, "माझी एक जरी गाडी परत आली असेल ना..."

वाक्य तिथंच थांबलं, कारण तोंडात पेढा होता. हात डब्याकडं कधी गेला, देवाशपथ मला कळलं नाही!

"मग पाचोड ठरलं ना, इवाई?" भगवानरावांनी तेवढ्यात विचारलं.

"म्म्म! म्म्म!" मी जोरात मान हलवली. (आडवी हलवली होती. चारही म्हाताऱ्यांना उभी दिसली.)

"इवायांनी पेढा खाल्ला! ठरलं!" चौघं एकदम ओरडले.

आतून बायको धावत आली. "अवं, माझी शपथ!" म्हणत तिनं माझ्या हातातला उरलेला अर्धा पेढा हिसकावून घेतला.

"चुकून गेला तो!" मी घास गिळून ओरडलो.

"चुकून नेमका तोंडातच गेला व्हय?" भगवानराव म्हणाले.

मीही काही कच्चा नाही. लगेच फट शोधली. "तुम्ही कुठं खाल्लाय? दोघांनी खाल्ल्याशिवाय ठरत नसतं!"

त्यांनी शांतपणे हात जोडले. "मला धा वर्षांपासून शुगर हाय, इवाई. म्या पेढा खात नाय, खाऊ घालतो." आणि त्यांच्या वाटचा पेढा त्या चौघांतल्या त्यांच्या थोरल्या भावानं खाल्ला!

भर मे महिन्यात पाचोडला लग्न झालं. मुलगी सुखात आहे. माझा सगळा बाजार दोन टेम्पो भरून तिथं आला आणि पंगतीत मांडी घालून वर मलाच सांगत होता, "मिस्त्री, जेवण असं पाहिजे!"

तेही मी गिळलं. पण खरा संताप वेगळाच आहे. शपथ मोडायचीच होती, साखर वाढायचीच होती, तर तीस वर्षं भाव करणाऱ्या माणसानं अख्ख्या लग्नाच्या बदल्यात निदान अख्खा डबा तरी मागायचा. मी अर्ध्या पेढ्यावर सौदा मिटवला!