पिकलेला दगड

डोंगर पिकतात आणि पिकले की खाली येतात, हे अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात फक्त आमच्या मावसाजींना ठाऊक आहे. केशोरीकडच्या त्यांच्या गावात टेकडीच्या पायथ्याशी त्यांची धानाची बांदी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, आणि तिच्याखाली, उताराला, धाकट्या भावाची. मी कुडव्याहून गेलो की चहाच्या आधी मला टेकडीवर नेतात आणि टरबूज वाजवून पाहावं तसा एकेक दगड काठीनं वाजवतात. खणखणला तर "कच्चा", बद्द वाजला तर "पिकून राहिला". उन्हानं दगड तडकतो, पाणी मुरतं, पळसाची मुळं फटीत शिरतात; मग दगडाचा मुरूम आणि मुरमाची माती. एकदा अशाच एका पिकलेल्या दगडावर मी विसाव्याला टेकलो आणि त्याच्यासकट थेट करवंदाच्या जाळीत गेलो. मावसाजींनी आधी दगड तपासला. "बोललो होतो का नाही?" म्हणाले, आणि मग मला उठवलं.

त्यांचं दुखणं एकच. ही पिकलेली माती त्यांच्या बांदीत थांबत नाही; पावसाळ्यात मधला धुरा, म्हणजे बांध, फोडून भावाकडे जाते. भावाचं धान कमरेला, यांचं गुडघ्याला. "पिकवून राहिलो मी, आन् खाऊन राहिला हा!" त्यापायी भावाशी बोलणं बंद. फक्त उन्हाळ्यात मावसाजी घमेलं घेऊन खाली उतरत आणि 'आपली' माती डोक्यावरून वर नेत, तेव्हा काय ते बोलणं होई.

"दादा, माही माती कायले नेऊन राहिला?"

"तुही? नाव लिवलं हाय का तिच्यावर?"

मावशी म्हणे, "यायचं भांडण भावाशी नाही, उताराशी हाय."

यंदा मावसाजींचे गुडघे गेले. मी गेलो तेव्हा धुऱ्यावर खुर्ची टाकून ते नुसते खाली बघत बसले होते. आता भांडायलाही उतरता येणार नाही, या विचारानं मलाच भरून आलं. तेवढ्यात धाकटा भाऊ घमेलं डोक्यावर घेऊन धापा टाकत चढून आला आणि त्यानं ते त्यांच्या बांदीत रिकामं केलं.

"घे तुही माती."

"येवढीच?"

"बाकी उद्या." त्यानं मावसाजींचीच काठी उचलून त्यांच्या गुडघ्यावर हलकेच वाजवली. "पिकला रे दादा तू."

"मंग? घसरून जाईन कुठं? तुह्याच बांदीत येईन."

"ये ना. पन तुले वापस नाही देनार," भाऊ म्हणाला, आणि घमेलं पालथं घालून खुर्चीशेजारी बसला.